होडी लष्कराची, पंचनामा तलाठ्याचा

महापूर आला, लष्कर बोलवा! दंगल पेटली, लष्कर बोलवा! एल्फिन्स्टन रोडच्या रेल्वे पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली, तेव्हा पादचारी पूल बांधायलाही लष्करच आणले. मुंबईसारख्या शहरात रेल्वेला स्वतःचे अभियंते असताना जवानांनी पूल उभारायचा, याची राज्यकर्त्यांना लाज वाटायला हवी होती. उलट त्याचा गाजावाजा झाला.

जवानांशी आमचे भांडण नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-वारणेने वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतील गावे बुडवली, तेव्हा लष्कर, नौदल आणि एनडीआरएफच्या जवानांनी माणसे बाहेर काढली. इस्लामपूर परिसरातील जनता ते विसरणार नाही. पण त्याच पुरात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला ग्रामपंचायतीची होडी उलटून माणसे बुडाली, हेही आम्ही विसरणार नाही. दरवर्षी पाणी पाहणाऱ्या नदीकाठाला धड होडी आणि जीवरक्षक जाकिटे मिळावीत, हे काम लष्कराचे नव्हे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आहे, ब्रिगेडियर नाही. जवान परत छावणीत जातात. मागे चिखल, पडलेली भिंत आणि पंचनाम्याची यादी उरते. घराचा उतारा नावावर नाही म्हणून ज्याचे नाव त्या यादीत येत नाही, त्याने कोणत्या पलटणीकडे दाद मागायची?

घटनेने ही गोष्ट मुळातच स्पष्ट ठेवली आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या घटनेत सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे, मात्र नागरी सत्तेच्या मदतीला सैन्य वापरणे त्यातून वगळले आहे. आणीबाणीत, 1976 साली, 42 व्या दुरुस्तीने ती तैनाती केंद्राच्या सूचीत 2अ क्रमांकाने स्वतंत्रपणे घातली गेली. नागा पीपल्स मूव्हमेंटच्या खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने अफ्स्पा कायदा वैध ठरवला. तो निकाल आम्हाला पूर्ण पटलेला नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की, सैन्य नागरी सत्तेच्या मदतीला येते, तिच्या जागी बसायला नव्हे.

जमाव पांगवण्याचा कायदा तर आपल्या कार्यकर्त्यांनी पाठच करावा. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 130 प्रमाणे जागेवर हजर असलेला सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला सांगू शकत होता, मग तो इस्लामपूरचा तहसीलदार का असेना. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 149 ने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला किंवा त्याने अधिकृत केलेल्या दंडाधिकाऱ्यालाच दिला. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल, तरच लष्करी अधिकारी आपणहून कारवाई करू शकतो. संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्याचे ऐकायचे.

सैन्याने कमीत कमी बळ वापरावे, हे कायद्यात लिहिले आहे. पोलिसांच्या कलमात ते शब्द नाहीत! 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात 10 जीव घेणाऱ्या गोळ्या राज्य राखीव पोलिसांच्या होत्या, सैन्याच्या नव्हत्या. दुसरीकडे, जानेवारी 1993 च्या मुंबई दंगलीत सैन्याचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, असे न्या. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. नको तिथे सैन्य आणि हवे तिथे चालढकल, दोन्हीची किंमत वस्त्याच मोजतात.

आणखी एक अडचण. अशा तैनातीत जवानाच्या हातून अन्याय झाला, तर खटला भरायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. ती मिळवणे काय असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा. अमेरिकेत सैन्याकडून पोलिसी काम करून घेण्यावर 1878 पासून बंदीचा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून हुकूम कोणी दिला याचा कागद हातात असणे महत्त्वाचे.

तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत विचारा: होड्या किती, चालत्या किती, आमच्या वस्तीतून माणसे कोणत्या रस्त्याने काढणार? आणि जिल्ह्यात लष्कर येऊन गेले, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागणीपत्राची प्रत मागा. सही कोणाची, तारीख कोणती, काम कोणते आणि किती दिवसांसाठी, एवढे चार प्रश्न अर्जात पुरेत.