पाटा वाढवला, ब्रेक तेच



धानाचे चुरणे आटोपले की आपल्या मोहाडीकडे छोट्या मालगाड्यांच्या फेऱ्या सुरू होतात. गाडी मागून बसू लागली, की फिटरकडे एकच मागणी : "भाऊ, एक पाटा वाढवा." पाटा वाढवला की गाडी वर दिसते खरी; पण ब्रेक, टायर, आस आणि चासी पूर्वीचीच राहतात. 2005 साली आलेला पहिला 'छोटा हत्ती' 750 किलोंचा होता. म्हणजे 40 किलोचे 18 कट्टे. आपण भरतो किती, ते मनाशी मोजा!

तुटलेला पाटा वेल्डिंग करून मुळीच बसवू नका. लोहार विळ्याला पाणी देतो, तसे या पोलादालाही दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते उतरते आणि पाटा जोडाशेजारीच पुन्हा तुटतो. नवाच घाला, दोन्ही बाजूंना सारखा.

यू-बोल्ट ढिले राहिले, तर पाटा मधल्या छिद्राशी तुटतो. म्हणून नवा पाटा घातल्यावर एक-दोन फेऱ्यांनी ते पुन्हा आवळून घ्या. आणि गाडीखाली शिरण्याआधी चाकांना दगड लावा, चासीखाली लाकडी ठोकळे द्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका.