दहावर अडकलेला नॉब : विद्युत गिटारच्या अर्धवट इतिहासाविषयी एक धागा

विद्युत गिटारच्या इतिहासाची एक ठरीव कथा आहे. १९६४ साली डेव्ह डेव्हिसने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’चा खरखरीत नाद जन्मला. १९६५ साली कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’साठी माएस्ट्रोचे फझ-टोन पेडल पायाखाली घेतले. १९६७ साली वाह पेडल बाजारात आले. त्यापाठोपाठ माणसाच्या उंचीचे मार्शल, प्रतिध्वनीची यंत्रे आणि शेवटी पेडलांनी खचाखच भरलेली फळी.

या कथेतला प्रत्येक प्रसंग खरा आहे. तरीही ती एकत्र वाचली की चमत्कारिक चित्र उभे राहते : नाद घडवणारी प्रत्येक वस्तू गिटारच्या बाहेर आहे, आणि गिटार म्हणजे केवळ तारा ताणून धरणारे लाकूड. त्या लाकडावर बसवलेले दोन-चार नॉब आणि एक स्विच यांचा उल्लेख कुठेच येत नाही. आले तर इतकेच, की वादक ते सर्व दहावर ठेवून विसरून जात.

हा समज चुकीचा आहे. शिवाय तो कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे, कारण साधनांच्या आधाराने इतिहास लिहिणाऱ्याची फसगत कशी होते याचा तो उत्तम नमुना आहे. पेडल ही विकाऊ वस्तू. तिला नाव असते, किंमत असते, जाहिरात असते, पेटंट असते. वादकाने करंगळीने व्हॉल्यूमचा नॉब सातवरून चारवर आणला, याची पावती कुणी फाडत नाही. कागद जिथे आहे तिथेच इतिहास आहे असे मानले की विक्रेत्याची यादी हाच इतिहास होऊन बसतो.

आता यंत्राकडे वळू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. टोनच्या नॉबमागे एक बदलता रोध आणि एक कपॅसिटर असतो. नॉब खाली आणला की उंच कंपनसंख्यांना जमिनीकडे जाण्याची वाट मिळते आणि नाद मवाळ होतो. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. फारसे माहीत नसते ते पुढचे. नॉब अगदी शून्यावर नेला की कपॅसिटर आणि पिकअपचे वेटोळे मिळून एक नवीन अनुनाद तयार करतात. गिब्सनच्या नेहमीच्या ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने तो सुमारे ५०० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे नाद नुसता बुजत नाही, त्याला एक घशातला, अनुनासिक, मानवी आवाजासारखा उठाव येतो.

व्हॉल्यूमचा नॉबही नुसता लहान-मोठा आवाज करणारा नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला की नाद फाटू लागतो. नॉब मागे घेतला की ॲम्प्लिफायरवरचा रेटा कमी होतो आणि तोच नाद स्वच्छ होतो. त्याबरोबर तारेच्या केबलमुळे थोडी धारही कमी होते. एका नॉबच्या फिरण्यात गर्जनेपासून कुजबुजीपर्यंतचा पट्टा असतो आणि पायाला हलावेही लागत नाही. १९६६ मध्ये आलेले फझ फेस पेडल या नॉबला इतके अचूक ओळखते की हेंड्रिक्ससारखा वादक पेडल चालू ठेवून निव्वळ गिटारवरून फाटका आणि स्वच्छ अशा दोन्ही नादांत ये-जा करी. पेडलाचे नाव इतिहासात गेले. नॉब बाहेरच राहिला.

१९६७ सालच्या क्रीमच्या ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’मधल्या एरिक क्लॅप्टनच्या वादनाला ‘वुमन टोन’ म्हणतात. त्याचे श्रेय बहुतेक लेख मार्शलला देतात. मार्शल होताच, पण तो १९६६ सालच्या जॉन मेयॉलबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेतही होता, आणि तिथला नाद वेगळा, टोकदार आहे. फरक पडला तो गिब्सन एसजीच्या टोन नॉबने, जो तळाला नेलेला होता. टोनी पामरने क्रीमच्या १९६८ सालच्या निरोपाच्या मैफलीवर जो चित्रपट केला त्यात क्लॅप्टन स्वतः गिटार हातात घेऊन नॉब फिरवून हे दाखवतो. प्रत्यक्ष साक्षीदार कॅमेऱ्यासमोर बोलतो आहे, आणि तरीही मागच्या पेटीकडेच बोट दाखवले जाते.

लिओ फेंडरच्या कारखान्यातली कथा याहून बोलकी आहे. १९५० सालच्या ब्रॉडकास्टरला (ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी तंटा झाल्यावर ती टेलिकास्टर झाली) आजच्यासारखा टोनचा नॉब नव्हताच. दुसरा नॉब ब्रिजजवळच्या पिकअपच्या नादात मानेजवळच्या पिकअपचा नाद हवा तितका मिसळण्यासाठी होता, आणि स्विचच्या एका टोकाला कपॅसिटरमधून आलेला दाट, काळोखा नाद होता. १९५२ साली मिसळण्याचा नॉब काढून त्या जागी टोन आला, पण तो काळोखा नाद तसाच ठेवला गेला. त्यामुळे १९५२ पासून १९६७ पर्यंत टेलिकास्टरच्या स्विचवर दोन्ही पिकअप एकत्र ऐकण्याची नेमून दिलेली जागाच नव्हती. आज जो मधला नाद टेलिकास्टरची ओळख म्हणून सांगितला जातो, तो पंधरा वर्षे कारखान्याच्या आराखड्यात नव्हता.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. पिकअप तीन, स्विचच्या जागा तीन. वादकांनी स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून पाहिला. तो तिथे नीट बसत नसे, वाजवताना निसटे, पण त्या अधांतरी जागेत दोन पिकअप एकत्र बोलत आणि एक पोकळ, चिवट, किंचित नाकातला नाद येई. फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ साली. मधली तेवीस वर्षे तो नाद माहितीपत्रकात नव्हता. वादकांच्या बोटांत होता. कंपनीने शोध लावला नाही, शोधाला मान्यता दिली, तीही उशिरा.

अशा वेळी ‘नाद बोटांत असतो’ हे दुसरे लाडके वाक्य पुढे येते. तेही तितकेच आळशी आहे. बोटांत जादू मानली की तारजोडणी, कपॅसिटर, स्विचची रचना यांचा अभ्यास करण्याची गरज उरत नाही. एक पक्ष सगळे श्रेय दुकानाला देतो, दुसरा दैवाला. मधले कसब, म्हणजे कोणता नॉब, किती, केव्हा, हे शिकण्यासारखे आणि शिकवण्यासारखे ज्ञान दोघांच्याही हातून निसटते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो, तेव्हा त्याला कुणी नशीबवान म्हणत नाही, जाणकार म्हणतात.

हे कसब रॉकच्याही आधीचे आहे. रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ साली विक्रीला आली, ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती. पुढे याच जातीच्या स्टील गिटारवर वादक स्वर छेडता छेडता टोनचा नॉब फिरवून ‘वा-वा’ असा उच्चार काढत. वाह पेडल आले तेव्हा पायाला नवे काम मिळाले. कानाला तो नाद जुनाच होता.

टेलिकास्टर वाजवणाऱ्या रॉय बुकॅननने ही परंपरा पराकोटीला नेली. शून्यावर असलेल्या व्हॉल्यूमवर स्वर छेडायचा आणि मग करंगळीने नॉब हळूहळू उघडायचा, म्हणजे छेडण्याचा ठोका नाहीसा होतो आणि स्वर व्हायोलिनसारखा फुलत येतो. टोनच्या नॉबने तोच स्वर रडवायचा. १९७२ सालच्या ‘स्वीट ड्रीम्स’मध्ये हे ऐकू येते. पेडलांच्या इतिहासांत बुकॅननला जागा नसते यात नवल नाही, त्याच्या नावावर विकण्याजोगे काहीच नव्हते.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार एडी व्हॅन हेलन. त्याच्या ‘फ्रँकनस्टाइन’ गिटारवर एकच नॉब होता. त्यावर ‘टोन’ अशी अक्षरे असली तरी तो व्हॉल्यूमचा होता. मग नॉबांचा काळ संपला नाही काय? १९८२ सालचे ‘कॅथेड्रल’ ऐकावे. ते संपूर्ण वादन व्हॉल्यूमचा नॉब झपाट्याने उघडझाप करून केलेले आहे. प्रतिध्वनीचे यंत्र साथीला आहे हे मान्य, पण नॉब काढून घेतला तर यंत्राने प्रतिध्वनी तरी कशाचा द्यायचा?

ब्रायन मेचे उदाहरण उलट टोकाचे. ज्या क्वीनच्या गायकाचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले, त्याच क्वीनचा हा गिटारवादक. १९६३ पासून त्याने वडिलांच्या मदतीने घरीच ‘रेड स्पेशल’ बांधली. मानेसाठी लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. तीन पिकअप, आणि प्रत्येकाला चालू-बंदचा एक व कला उलटवणारा एक असे दोन स्विच. दोन पिकअपांची कला परस्परविरुद्ध केली की समान कंपने एकमेकांना खातात आणि उरलेला नाद पातळ, भेदक होतो. मेचा ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्सचे ॲम्प्लिफायर यांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु बूस्टर विकत मिळतो म्हणून त्यावर लेख लिहिले जातात, आणि सहा स्विचांपैकी कोणत्या गाण्यात कोणते, हा प्रश्न मूठभर चिकित्सकांपुरता राहतो.

सर्वांत हास्यास्पद प्रकार मात्र संग्राहकांचा. पन्नाशीच्या दशकातल्या लेस पॉलमधले, रंगीत पट्ट्यांमुळे ‘बंबलबी’ म्हणून ओळखले जाणारे कपॅसिटर जबर किमतीला विकत घेतले जातात. ते गिटारमध्ये बसवायचे आणि टोनचा नॉब दहावर ठेवायचा. त्या जागी कपॅसिटरचा नादावरचा परिणाम नगण्य असतो. देवघरात ठेवलेल्या तलवारीची धार तपासावी तसे हे आहे.

पीटर ग्रीनची १९५९ सालची लेस पॉल पुढे गॅरी मूरकडे आणि त्यानंतर कर्क हॅमेटकडे गेली. तिच्यातल्या एका पिकअपची चुंबकीय दिशा उलटी असल्याने स्विच मध्ये ठेवला की विरुद्ध कलेचा पोकळ नाद येतो. तिच्यावर ढीगभर लिहिले गेले आहे, ते जवळजवळ सगळे चुंबकावर. पण दोन्ही पिकअपांचे व्हॉल्यूम सारखे असतील तेव्हाच तो पोकळपणा पूर्ण उमटतो. एक नॉब थोडा मागे घेतला की नाद भरत जातो. चुंबक उलटा असणे हा अपघात होता. दोन नॉबांमधला तोल ग्रीनला प्रत्येक वेळी स्वतः ठरवावा लागे.

जेफ बेकने १९७५ सालच्या ‘ब्लो बाय ब्लो’मधले ‘कॉज वुई हॅव एन्डेड ॲज लव्हर्स’ बुकॅननला अर्पण केले. स्ट्रॅटोकास्टरचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या इतका लगत आहे की वाजवतानाच करंगळी त्यावर पोचते. पुढे बेकने नखीही सोडली, बोटांनीच तार छेडली, करंगळी नॉबवर ठेवली आणि तळहाताशी स्वर हलवणारी दांडी धरली. १९८९ सालच्या ‘व्हेअर वेअर यू’मध्ये सूर छेडल्याचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही, फक्त उगवणारा आणि मावळणारा स्वर ऐकू येतो.