आरसा म्हणजे बॅकअप नव्हे!

लॅबच्या सर्व्हरला दोन डिस्क, रेड-१. एक गेली तरी दुसरी आहेच, म्हणून आम्ही निवांत! सबमिशनच्या आदल्या रात्री पहिली गेली आणि मशीन बूटच होईना. डेटा दुसरीवर शाबूत, पण ग्रब बूटलोडर टाकला होता फक्त पहिलीवर. पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये शिरलो, एमडीएडीएमने एकाच डिस्कवर अ‍ॅरे उभा केला, सीएचरूट करून तिच्यावर ग्रब टाकला. पहाटे मशीन उठलं.

मित्रांनो, आरसा चुकासुद्धा जशाच्या तशा दाखवतो. एकीकडे फाइल उडवली की दुसरीकडेही उडालीच! म्हणून माझं स्पष्ट मत: बूटलोडर दोन्ही डिस्कवर हवा, बॅकअप वेगळा हवा आणि तो घेऊन सेमिस्टरला एकदा मुद्दाम पहिली डिस्क काढून बघावी. न तपासलेला आधार कसला आधार?