मधमाशी बारामतीची, मध कुणाचा?

इटलीतल्या फेरारी कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पहिली चार दरवाजांची उंच गाडी जगासमोर आणली. साडेसहा लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, चार आसने आणि भारतातली किंमत सुमारे साडेदहा कोटी रुपये! या गाडीचे नाव 'पुरोसांग्वे'. इटालियन भाषेत त्याचा अर्थ शुद्ध रक्ताचा, उत्तम पैदाशीचा घोडा. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, जातिवंत. शुद्ध रक्ताचा अभिमान कुठे नेतो हे या देशातल्या बहुजनांना कोणी शिकवायला नको. तेव्हा या जातिवंत गाडीची गोष्ट आम्ही थोडी तपासून पाहणार आहोत. ती तपासण्यासाठी इटलीपर्यंत जाण्याची गरज नाही. बारामती एमआयडीसीपर्यंत गेले तरी पुरे.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या एसयूव्हीकडे का वळल्या? उत्तर साधे आहे. जमिनीला टेकून धावणारी दोन माणसांची गाडी घेणारे गिऱ्हाईक थोडे असते. पण ज्याच्याकडे अफाट पैसा आहे त्याला बायकापोरांसह, वाईट रस्त्यावरून, चारचौघांत उठून दिसेल अशी गाडी हवी असते. पोर्शे कंपनीने २००२ मध्ये 'कायेन' आणली तेव्हा शौकिनांनी नाके मुरडली, पण कंपनीची तिजोरी भरली. मग बेंटले, लॅम्बोर्गिनी, अ‍ॅस्टन मार्टिन आणि शेवटी फेरारी अशी रांगच लागली. लॅम्बोर्गिनीने २०२३ मध्ये जगभरात १०,११२ गाड्या विकल्या. त्यातल्या ६,०८७ 'उरुस' या एकाच एसयूव्हीच्या होत्या. म्हणजे शंभरातल्या साठ! ही तीच कंपनी, जिच्या संस्थापकाने आधी ट्रॅक्टर बनवून पैसा कमावला आणि १९६३ मध्ये शर्यतीच्या तोडीच्या गाड्यांचा कारखाना काढला. शेतकऱ्याच्या नांगरटीतून आलेला पैसा श्रीमंतांच्या हौसेकडे कसा वळतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

यात आणखी एक मेख आहे. फेरारीने आधीच जाहीर करून टाकले की वर्षाच्या एकूण विक्रीत पुरोसांग्वेचा वाटा २० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. मागणी असताना माल कमी का काढायचा? कारण येथे माल म्हणजे गाडी नव्हेच. येथे टंचाई विकली जाते. 'हे तुला मिळणार नाही' या वाक्याची किंमत साडेदहा कोटी आहे. पाणवठा सर्वांसाठी खुला झाला की त्याचा मान जातो, असे मानणारी मनोवृत्ती आम्ही महाडला पाहिली आहे. बाजारातली ही मनोवृत्ती तिचीच चुलत बहीण!

भारतातले चित्र काय? उरुस जानेवारी २०१८ मध्ये ३ कोटी रुपयांना आली. लॅम्बोर्गिनीने भारतात २०२० मध्ये ३७, २०२१ मध्ये ६९, २०२२ मध्ये ९२, २०२३ मध्ये १०३ आणि २०२४ मध्ये ११३ गाड्या विकल्या. या आकड्यांतले २०२१ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसे प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगेत उभी होती, शहरातून गावी परतलेल्या मजुराच्या हाताला काम नव्हते. नेमक्या त्याच वर्षी या कंपनीने भारतात तोवरचा विक्रीचा उच्चांक केला. संकट सर्वांवर सारखेच येते असे सांगणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून मग बोलावे.

आता बारामतीकडे वळू. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा हा पट्टा. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि पुढे तिथून इटलीच्या फियाटची गाडी देशभर धावली. मोटारी आणि इटली यांच्याशी या मातीचा संबंध जुना आहे. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्याच पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे. ग्रीव्ह्जच्या भागीदारीत तो सुरू झाला आणि पुढे पूर्णपणे पियाजिओचा झाला. त्याची ओळख बनली ती 'ऐप' ही तीनचाकी. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. १९४८ मध्ये युद्धाने मोडलेल्या इटलीत गरीब व्यापाऱ्याला माल वाहता यावा म्हणून ती जन्मली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आज तीच भाजी, दूध, सिमेंटची पोती आणि शाळेची पोरे वाहते. कर्ज काढून, बायकोचे डोरले गहाण ठेवून ऐप घेणारा आणि स्टँडबाहेर भाड्यासाठी ओरडणारा माणूस आपल्या वस्तीतला असतो. कायम नोकरीची दारे बंद झाली तेव्हा या मधमाशीने हजारो घरांत चूल पेटवली, हे नाकारता येत नाही.

पण त्याच कंपनीच्या मालाची दुसरी टोकेही पाहा. एप्रिल २०१२ मध्ये बारामतीत बनलेली 'वेस्पा' स्कूटर ६६ हजारांच्या पुढे किंमत ठेवून आली. ती कामाचे वाहन म्हणून नव्हे, शैलीची वस्तू म्हणून विकली गेली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने एका इटालियन वस्त्रकाराच्या नावाची वेस्पा भारतात आणली. किंमत १२ लाख ४ हजार रुपये! एका स्कूटरच्या पैशात तीन-चार ऐप आल्या असत्या. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये 'एप्रिलिया आरएस ४५७' ही शर्यतीच्या बाजाची मोटारसायकल ४ लाख १० हजारांना आली. ती बारामतीत बनते. म्हणजे जगातल्या शौकिनांसाठीचा माल बनवण्याइतके कसब आमच्या पोरांच्या हातात आहे, हे सिद्ध झाले. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की या कसबाचे मोल कोणाला मिळते?

राज्यातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर सकाळी सातला उभे राहा. कायम कामगार किती, कंत्राटी किती, आणि 'ट्रेनी' या गोंडस नावाखाली वर्षानुवर्षे राबणारे आयटीआयचे तरुण किती, हे ओळखपत्राच्या फितीच्या रंगावरून कळते. काम एकच, यंत्र एकच, पगार तीन! त्यात राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यातल्या कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. ज्याचे कंत्राट महिन्याअखेरीस संपणार आहे तो संमती नाकारणार कशी? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्यांच्याच पुढाकाराने १९४६ च्या दुरुस्तीत कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यांनी कमी केलेले तास आता एकेक करून परत मागितले जात आहेत.

आता कराचा हिशेब करू, कारण खरी गोम तेथेच आहे. महाराष्ट्रात एक लाखाची, शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल घेणारा कामगार ११ टक्के वाहनकर भरतो. म्हणजे ११ हजार रुपये. आयात केलेल्या मोटारीला २० टक्क्यांचा दर आहे. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण या कराला कमाल मर्यादा आहे! ती आधी २० लाख रुपये होती. १० मार्च २०२५ रोजी बारामतीचेच तेव्हाचे आमदार आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने ती ३० लाख केली. उरुसची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये ४ कोटी ५७ लाखांना आली. तिच्यावर २० टक्क्यांनी ९१ लाख होतात, पण मालक भरणार ३० लाख. म्हणजे साडेसहा टक्के! साडेदहा कोटींच्या पुरोसांग्वेला तर तीन टक्केसुद्धा पडत नाहीत. गाडी जितकी महाग तितका कराचा टक्का कमी. मोटारसायकलवाल्या कामगाराला मात्र कोणतीही मर्यादा आड येत नाही. तो पुरता ११ टक्के मोजतो.

याचे समर्थन असे केले जाते की मर्यादा नसेल तर धनिक परराज्यांत गाडीची नोंदणी करतील. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, तसे घडलेही आहे. पण कर चुकवणारा पळून जाईल म्हणून त्याचा करच कमी करायचा, आणि जो पळू शकत नाही त्याच्याकडून पूर्ण वसूल करायचा, हा कोणता न्याय? त्याच अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो घेणार नसल्याचे जाहीर केले. वरच्या थरातून आलेली हाक सरकारला किती लवकर ऐकू येते पाहा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तीनचाकीचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण मोठ्या एसयूव्हीवरचा उपकरासह ५० टक्के होणारा करही ४० टक्क्यांवर उतरला. कराआधी अडीच लाख किंमत असलेल्या ऐपला २५ हजारांचा दिलासा, आणि एक कोटीच्या गाडीला १० लाखांचा! पोट भरण्याचे वाहन आणि मिरवण्याचे वाहन यांना एकाच मापाने सवलत देणे याला समता म्हणत नाहीत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानेही तिथल्या मोटारींवरचे आयातशुल्क ठरावीक संख्येपुरते १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची वाट मोकळी केली. दार उघडते आहे, पण कोणासाठी?

या कराच्या व्यवस्थेचे रूप पुण्याने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिले. कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगण्यात आला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर पकडले गेले. या गदारोळात एक बाब मागे पडली. त्या गाडीची कायम नोंदणी झालेलीच नव्हती, कारण शुल्क भरायचे राहिले होते. किती? १,७५८ रुपये! विजेची गाडी म्हणून तिला वाहनकर माफ होता. कोटीच्या घरातल्या गाडीकडून राज्याचे येणे दोन हजारांच्या आत, आणि तेही थकलेले. ऐपवाल्याचा विमा एक दिवस संपला असता तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली असती.

आमचा विरोध चांगल्या गाडीला आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. नीटनेटके राहा, असे बाबासाहेबांनीच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आमच्या मायमाउल्यांना सांगितले. आपल्यातला कोणी उद्योजक होऊन मोठी गाडी घेत असेल तर आम्हाला आनंदच आहे. ज्या राज्यात मे २०१५ मध्ये शिर्डीला मोबाइलच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून होतो, तेथे आमच्या माणसाने मानाने मिरवणे हीसुद्धा एक लढाई असते. पण उसाच्या पट्ट्यात पांढऱ्या एसयूव्हीच्या ताफ्यामागे झेंडे घेऊन धावणारी आपली पोरे पाहिली की वाईट वाटते. त्या गाडीची काच तुमच्यासाठी निवडणुकीपुरतीच खाली येते, हे त्यांना कोणी सांगायचे?

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा तिजोरीत पैसा नाही असे कारण पुढे आले. अब्जाधीशांच्या गाड्यांवर पूर्ण कर लावल्याने ते ४१० कोटी भरून निघतील असे आम्ही म्हणणार नाही, कारण अशा गाड्यांची संख्या थोडी आहे. पण तिजोरी रिकामी असताना हात कोणाच्या ताटात घालायचा आणि कोणाच्या नाही, हे सरकारने ठरवलेले असते. ती निवड आकड्यांतून दिसते.

१९१८ मध्ये शेतीच्या तुकड्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी उद्योगवाढ हाच शेतीच्या दुखण्यावरचा उपाय सांगितला होता. बारामतीचे कारखाने म्हणूनच आम्हाला परके नाहीत. ते वाढावेत. पण त्यांच्याबरोबर आमच्या तीन मागण्याही वाढल्या पाहिजेत. वाहनकराची ३० लाखांची मर्यादा काढून टाका. समान कामाला समान वेतन द्या आणि बारा तासांच्या संमतीचे सोंग बंद करा. महात्मा फुले महामंडळातून तीनचाकी घेणाऱ्या तरुणाला कर्ज वेळेवर, दलालाशिवाय मिळू द्या. येत्या अधिवेशनात आपापल्या आमदाराला या तीन प्रश्नांवर उभे करा, आणि तो उभा राहिला नाही तर पुढच्या वेळी त्याच्या ताफ्यामागे धावू नका. मधमाशी आमची आहे, तर मधाचा हिशेबही आम्हीच मागणार!