अर्धशिशी, एमआरआय आणि ‘पांढरे ठिपके’

तीव्र अर्धशिशी असलेल्या रुग्णाच्या हाती मेंदूच्या एमआरआयचा अहवाल आला की दोनपैकी एक गोष्ट घडते. अहवाल ‘नॉर्मल’ असेल, तर ‘तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ असे घरचे म्हणतात. अहवालात पांढरे ठिपके असतील, तर पक्षाघाताची धास्ती बसते. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. अर्धशिशी हा मुख्यतः मेंदूच्या कामकाजातील बिघाड आहे. ट्रायजेमिनल या चेतातंतूचे जाळे उद्दीपित होते, सीजीआरपीसारखी रसायने स्रवतात आणि ठणका सुरू होतो. नेहमीच्या एमआरआयमध्ये यातले काहीच दिसत नाही. म्हणून अर्धशिशीचे निदान रुग्णाची हकीकत ऐकून आणि त्याला तपासून होते. स्कॅन असतो तो दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यापुरता. अहवाल नॉर्मल आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

आता ठिपक्यांविषयी. अहवालात ‘फ्लेअर हायपरइंटेन्सिटी, नॉन-स्पेसिफिक’ असे लिहिलेले असते. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांमुळेही असे ठिपके दिसतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासात त्याच व्यक्तींचे नऊ वर्षांनी पुन्हा एमआरआय काढले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के स्त्रियांमध्ये ठिपके वाढले होते. पण अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांमध्येही हे प्रमाण ६० टक्के होते. आणि ठिपके वाढल्याने स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती घटल्याचे आढळले नाही.

मग प्रत्येकाने एमआरआय काढावा का? अर्धशिशीची लक्षणे नेहमीची असतील आणि मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष असेल, तर स्कॅनची गरज नाही, असे अमेरिकन हेडेक सोसायटीचे मार्गदर्शन आहे. कारण शोधायला गेले की काहीतरी सापडतेच. रॉटरडॅममध्ये सुमारे दोन हजार मध्यमवयीन व वृद्धांचे स्कॅन केले, तेव्हा सात टक्क्यांहून अधिक जणांत कोणतेही लक्षण न देणारे जुने इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा, आढळल्या. अशा शोधातून पुढच्या तपासण्या, खर्च आणि काळजीच वाढते.

मात्र काही वेळा स्कॅन टाळू नये. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातापायातील कमजोरी, फेफरे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर उद्भवलेली नवी डोकेदुखी, कर्करोग किंवा एचआयव्हीचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

अहवालाच्या शेवटी बहुधा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ हे शब्द असतात. रुग्णाला तपासून या चित्राचा अर्थ लावा, असे रेडिऑलॉजिस्ट त्यातून सुचवत असतो. म्हणून अहवाल मोबाइलवर शोधत बसण्याऐवजी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: माझ्या वयाला हे ठिपके साजेसे आहेत का? रक्तदाब आणि साखर तपासायची का? यामुळे उपचार बदलणार का? डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात आणि धूम्रपान सोडावे, कारण त्यांच्यात पक्षाघाताचा धोका खरोखर वाढतो.

शेवटी उपचार फिल्मवर नव्हे, तर महिन्यातले किती दिवस दुखण्यात जातात यावर ठरतात. त्या दिवसांची नोंद असलेली साधी वही डॉक्टरांना दाखवावी. झटके वारंवार येत असतील, तर ते रोखणारी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारखी स्वस्त औषधे उपलब्ध आहेत.