सुरंगीला सुरंगी म्हणूनच विका

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात सुरंगी बहरते, तेव्हा झाडाच्या जुन्या फांद्यांवर थेट सालीतून कळ्यांचे झुबके फुटतात. गोल कळीचे कवच दोन भागांत उकलते. आत चार पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळ्या पुंकेसरांचा दाट गोंडा. वळेसर (गजरा) गुंफायचा तर कळी पूर्ण उमलायच्या आत, पहाटेच उतरवावी लागते. बऱ्याच कळ्या मात्र उन्हात वाळून व्यापाऱ्याकडे जातात आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘लाल नागकेशर’ या नावाने विकल्या जातात. हे थांबायला हवे. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशातला नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे वाळवलेले पुंकेसर. रक्ती मूळव्याधीवर वैद्य तोच सांगतात, आणि दालचिनी, तमालपत्र, वेलचीबरोबर चातुर्जातात तोच पडतो. तांबूस सोनेरी तंतूंऐवजी देठासकट तपकिरी गोल कळ्या हाती आल्या, तर ती सुरंगी आहे. याच बाजारात करमळाची कोवळी फळेसुद्धा नागकेशर म्हणून खपतात, म्हणजे ग्राहकाने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

यावर काही जण म्हणतात, एक द्रव्य न मिळाल्यास दुसरे वापरणे शास्त्राला मान्यच आहे. खरे आहे, भावप्रकाशात अशा प्रतिनिधी द्रव्यांची यादीच दिली आहे. पण तिथे वैद्य जाणूनबुजून बदल करतो. इथे बदल झाल्याचे रुग्णाला तर नाहीच, अनेकदा वैद्यालाही कळत नाही. सुरंगी आणि नागचाफा ही दोन्ही झाडे उंडीच्या कुळातली, दोन्ही स्तंभक, हा मुद्दाही पुरेसा नाही. नात्यातल्या वनस्पतींचे गुण जुळू शकतात, पण मात्रा आणि परिणाम प्रत्येकीचे वेगळे तपासावे लागतात. सुरंगीवर स्वतंत्र काम व्हावे इतकी ती मोलाची आहे. तिच्यातल्या काही रसायनांना तर ‘सुरंगीन’ असे तिचेच नाव मिळाले आहे. आणि तिच्या कळ्यांनी रेशीम तांबडे रंगवण्याची रीत जुनी आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप पोटापाण्याचा आहे. नागकेशर हे नाव काढून घेतले तर कळ्या वेचणाऱ्या घरांचे उत्पन्न बुडेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच हा बदल विक्रीवर बंदी घालून होऊ नये. मात्र आज ज्या नावाने माल खपतो ते नाव व्यापाऱ्याने दिलेले आहे, त्यामुळे भावही तोच ठरवतो. सुरंगी म्हणून अत्तर, रंग आणि संशोधनासाठी मागणी तयार झाली, तर कोकणातल्या या मालाची ओळख कोकणातच राहील. झाडाच्या दृष्टीनेही हे गरजेचे आहे. सुरंगी सावकाश वाढते, आणि फळ धरणाऱ्या झाडाच्या सगळ्याच कळ्या उतरल्या तर बी पडणार कुठून? काही फांद्या राखून ठेवायला सांगायचे, तर मालाचा हिशेब सुरंगीच्या नावावर लागायला हवा. औषध कारखान्यांनी खरेदीच्या कागदावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहून घ्यावा, आणि औषध प्रशासनाने दुकानातले नमुने त्या नावाशी ताडून पाहावेत. फेब्रुवारीच्या बहराआधी एवढी सुरुवात सहज करता येईल.