परसांतील गोड मका व कोंकणचा पावसाळा

कोंकणांत घरामागें चार हात जागा असलेल्या पुष्कळ कुटुंबांस हल्लीं गोड मक्याची, म्हणजे बाजारांत ज्यास स्वीट कॉर्न म्हणतात त्याची, हौस वाटूं लागली आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु बहुधा मृगाचा पाऊस पडतांच कुंपणाच्या कडेनें एकेक दाणा टोंचला जातो, आणि भाद्रपदांत हातीं येतें तें दांत पडलेल्या म्हाताऱ्यासारखें कणीस. मग बीं खोटें निघालें म्हणून दुकानदाराच्या नांवानें खडे फोडले जातात. आमच्या मतें बहुतेक वेळां अपराध बियाण्याचा नसून हंगामाचा व मांडणीचा असतो.

मक्याचें लग्न वारा लावतो. शेंड्यावरील तुरा तो नर व कणसाच्या टोंकास लोंबणारे केस ती मादी. एका केसाचा संबंध एकाच दाण्याशीं असतो. ज्या केसास पराग मिळाला नाहीं त्याचा दाणा भरत नाहीं. कुंपणाच्या एकेरी ओळींतील पराग वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो व कणसें रिकामीं राहतात. तींच झाडें चौकोनांत लाविलीं तर वारा कोणत्याही दिशेनें वाहो, पराग कोणाच्या ना कोणाच्या केसांवर पडतोच. ८ फूट लांब व ८ फूट रुंद वाफा पुरे. आमच्या जुन्या दप्तरी हिशेबानें हा गुंठ्याचा सतरावा हिस्सा. दोन-दोन फुटांवर चार ओळी धरून ओळींत ९ इंचांवर रोप ठेविल्यास चाळीसएक झाडें बसतात.

मका हें पावसाळी पीक, असें घाटावरचे आमचे स्नेही सांगतात, तें त्यांच्या जमिनीपुरतें खरें आहे. रत्नागिरीकडे वर्षास १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच. इतक्या पावसांत पराग भिजून वाया जातो, मुळांशीं पाणी तुंबून पानें पिवळीं पडतात, आणि जांभ्या मातींतून नत्र झिरपून जातें. ज्यांचे दाणे वाळल्यावर सुरकुततात त्या अतिगोड जातींचें बीं तर चिखलांत उगवण्यापूर्वींच कुजतें. दाण्यांत साखर अधिक व पीठ कमी, म्हणून कोंभास शिदोरी अपुरी पडते. ह्याकरितां पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेंमागें पेरावें. फार उशीरही करूं नये. तुरा ३५ अंशांपुढील उन्हांत सांपडल्यास परागाची शक्ति जाते.

वाफ्यांत शेणखत भरपूर घालावें, रोपें गुडघाभर झाल्यावर मातीची भर द्यावी, व तुरा दिसल्यापासून दाणा भरेपर्यंत पाण्यांत खंड पडूं देऊं नये. भारतांत २०१८ सालीं प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यांत शिरते. चाळीस झाडांस फवाऱ्याची घाई कशाला? रोज सकाळीं पोंगे पाहून अंडीं व अळ्या हातानें वेंचाव्या. शेजारीं साधा मका त्याच सुमारास तुऱ्यावर आला तर गोड मक्याचे दाणे पिठूळ होतात. दोन्ही घरांनीं पेरणींत तीन आठवड्यांचें अंतर ठेवावें.

केस निघाल्यापासून सुमारें २० दिवसांनीं ते तपकिरी होऊन वाळले व दाण्यास नख लावतांच दूध आलें, कीं कणीस तोडावें. तोडल्यापासून साखरेचें पीठ होऊं लागतें, आणि उष्ण हवेंत तें लौकर होतें. चुलीवर आधण ठेवून मग परसांत जावें, इतकी ही घाई. बाजारच्या कणसावर घरच्या कणसाची सरशी ती एवढ्याचसाठीं.

आपल्या संघाकडून बियाण्याचीं पाकिटें रोहिणी-मृगांत वाटलीं जातात. परसाची निगा बहुतेक घरच्या बायकाच करितात. पदरचा पैसा व तीन महिन्यांचे कष्ट एकदां फुकट गेले कीं त्या पुन्हां मक्याचें नांव घेत नाहींत. चालकांस आमची विनंति आहे कीं, कोंकणच्या शाखांपुरतें गोड मक्याचें वाटप आश्विनांत करावें, आणि प्रत्येक पाकिटाबरोबर वाफ्याचा चौकोन काढून दाखविलेला एक कागद द्यावा.